भंडारदऱ्याच्या जलाशयाभोवती कुत्र्यासोबत पायी वळसा: माहिती हवी आहे

रानजाई

नमस्कार मंडळी. भातकाढणी उरकली की भंडारदऱ्याच्या जलाशयाला पायी पूर्ण वळसा घालायचं मनात आहे. शेंडीहून निघायचं, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी असं करत परत शेंडी. रस्त्याने चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर भरतात, त्यामुळे मध्ये मुक्काम आलाच. सोबत नवरा आणि आमची तांबी. देशी कुत्री आहे, चार वर्षांची, अंगाने सडपातळ. वेताळ टेकडीवर रोज फिरते, चालायला दमदार आहे. माणसांवर भुंकत नाही; शेळ्या मात्र तिने जवळून कधी पाहिलेल्या नाहीत.

विचारायचंय ते असं: कुत्र्यासह मुक्कामाला कोण ठेवून घेतं? तलावाचं पाणी तिला थेट पिऊ द्यावं का? पट्टा कुठे सोडता येईल? रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या देवळाजवळ थांबणार आहोत, तिथे कुत्र्याला बाहेर बसवावं लागेल, ते आम्ही आळीपाळीने करू.

डांगाणी

ताई, मी याच भागातला. नोकरी नाशिकला, घर अजून तिकडेच. तुम्ही एवढ्या आस्थेने विचारताय म्हणून स्पष्ट सांगतो, कुत्रीला इकडं आणू नका.

तुम्ही लिहिलेली बहुतेक गावं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात. १९८६ सालचं अभयारण्य आहे. आत जायची परवानगी माणसांना मिळते, पर्यटकांच्या पाळीव कुत्र्यांना नाही. हे झालं कायद्याचं. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं, कारण वाघ. म्हणजे बिबट्या.

आमच्या घरी दिवेलागणीला शेळ्या आत घेतल्या की पाठोपाठ कुत्रं आत येतं. त्याला बोलवावं लागत नाही, ते स्वतःच उंबऱ्यापाशी येऊन बसतं. पडवीला कूड घातलेला, दाराला आडणा. कोणी विसरून कुत्रं बाहेर बांधून ठेवलं तर सकाळी साखळी जागेवर असते, कुत्रं नसतं. हल्ली तलावाच्या काठाला तंबू लागतात. एखादं जोडपं आत झोपतं आणि कुत्रं तंबूच्या खुंटीला बांधतं. ते पाहिलं की माझ्या पोटात गोळा येतो. आपल्या हाताने आमिष बांधून आपण शेजारी झोपायचं, असा तो प्रकार आहे.

पाणकावळा

डांगाणी यांना पूर्ण अनुमोदन. याच अकोले तालुक्याच्या खोऱ्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. तो उसाचा, वस्तीचा भाग आहे, रतनवाडीसारखं जंगल नव्हे, हे आधी सांगतो. पण निष्कर्ष लक्षात ठेवण्यासारखा आहे. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने सुमारे ८७ टक्के वाटा माणसाच्या आसपासच्या जनावरांचा निघाला, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा: ३९ टक्के. शेळ्या त्याच्या बऱ्याच खाली. लोकांना वाटतं बिबट्या शेळीसाठी गावात येतो. शेळी रात्री कोंडलेली असते, कुत्रं मोकळं असतं, म्हणून त्याचा नंबर आधी लागतो.

दुसरी बाजू जंगलातल्या प्राण्यांची. कुत्र्याचा वास रानातल्या जनावराला शिकाऱ्याचा वास असतो. आपण गुपचूप गेलो तरी तो पायवाटेवर मागे राहतो. शिवाय रोग. २०१८ साली गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह गेले, त्यात कॅनाइन डिस्टेंपरचा, म्हणजे कुत्र्यांच्या एका जीवघेण्या रोगाचा, विषाणू सापडला होता. आफ्रिकेत सेरेंगेटीमध्ये १९९४ साली याच रोगाने तिथले जवळजवळ एक तृतीयांश सिंह मेले, आणि तिथे संशयाची सुई आसपासच्या वस्त्यांतल्या कुत्र्यांकडे होती.

जुना_ट्रेकर

माहिती मोलाची आहे, पण मनात येतं ते विचारतो. रतनवाडीत, साम्रदमध्ये, घाटघरला कुत्री आहेतच. ती दिवसभर रानात हिंडतात, ट्रेकर्ससोबत गडावर जातात. मग सगळ्या लसी झालेली, पट्ट्यावर चालणारी एक कुत्री गेल्याने असं काय बिघडणार? भांडण म्हणून नाही, मला खरंच समजून घ्यायचंय.

पाणकावळा

प्रश्न रास्त आहे. लसी पूर्ण झालेल्या एका कुत्रीमुळे डिस्टेंपर पसरण्याची शक्यता अगदी कमी, हे मान्य. उलट गावच्या कुत्र्यांचंच लसीकरण झालेलं नसतं, त्यामुळे धोका तांबीलाही आहे. पण गावचं कुत्रं तिथे राहतं. त्याला वाघाची चाहूल कळते, कुठल्या ओढ्यापलीकडे जायचं नाही हे कळतं, आणि गावाला त्याचा उपयोग आहे. आपलं कुत्रं आपल्या हौसेसाठी जातं. आणि वाट एकाला मोकळी झाली की पुढच्या शनिवारी तिथे तीस गाड्या आणि तीस कुत्री येणार, त्यातल्या कितींच्या लसी झाल्या असतील? तलावाच्या काठाला काजव्यांच्या दिवसांत काय गर्दी होते ते आपण पाहतोच आहोत.

केशरमाती

मी इंग्लंडमध्ये, लेक डिस्ट्रिक्टपासून गाडीने तासाभरावर राहते. आमच्याकडे बटरमिअर नावाचं तळं आहे, दोन्ही बाजूंना डोंगर, भोवती साधारण सात किलोमीटरची वाट, चढ जवळजवळ नाहीच. कुत्र्यासह वळसा घालायला याहून चांगली जागा मी पाहिलेली नाही. अडीच तासांत आरामात होतं. एका ठिकाणी काठाच्या खडकातून खोदलेला बोगदा आहे, एकोणिसाव्या शतकातला. आत अंधार, पायाखाली पाणी, छतातून थेंब. आमचा लॅब्रॅडॉर तिथे दरवेळी चारही पाय रोवून उभा राहतो. मग मी खाली बसते, हात त्याच्या छातीवर ठेवते, पलीकडचा उजेड त्याला दिसू देते, आणि मगच आम्ही निघतो. ओढून नेला तर पुढच्या वेळी तो तोंडाशीच बसेल.

लिहितेय ते मात्र मेंढ्यांसाठी. तिथे डोंगरभर हर्डविक मेंढ्या मोकळ्या चरतात. १ मार्च ते ३१ जुलै मोकळ्या डोंगरमाळावर कुत्रा आखूड पट्ट्यावर हवा, आणि जनावरांजवळ तर वर्षभर. गाभण मेंढीच्या मागे कुत्रा नुसता धावला, चावला नाही, तरी ती गाभडू शकते. मेंढ्यांमागे लागलेल्या कुत्र्यावर शेतकऱ्याने गोळी झाडली तर १९७१ चा कायदा विशिष्ट परिस्थितीत त्याच्या बाजूने उभा राहतो. काठावर पक्षी अंडी घालतात तेव्हा वाटेचा एक तुकडाच बंद करतात आणि सगळे निमूट वरच्या रस्त्याने जातात. कुणी कुरकुरत नाही. हे मला फार आवडतं.

रानजाई, तांबीने शेळ्या पाहिलेल्या नाहीत असं तू लिहिलंस. कुठेही जा, पण पट्टा सोडण्याचा विचार तेवढा डोक्यातून काढ. आणि आणखी एक, हे ऐकून लोक दचकतात: वासरूवाली गाय अंगावर आली तर पट्टा हातातून सोडून द्यायचा. गाईचा राग कुत्र्यावर असतो. कुत्रा मोकळा झाला तर तो पळून निसटतो. धरून ठेवला तर गाय दोघांनाही तुडवते.

डांगाणी

वासरूवाली गायच काय, रेडकू असलेली म्हैसही तशीच. आमच्याकडं गुराखी पोरांना हे न शिकवता ठाऊक असतं.

निवडुंग

कॅलिफोर्नियातून. इथे तर तळ्यागणिक नियम बदलतो. योसेमिटीच्या डोंगरवाटांवर कुत्रा अजिबात चालत नाही. टाहो तलावाच्या काठच्या स्टेट पार्कांतल्या बहुतेक वाटांवरही नाही. पण एमराल्ड बेसमोरून ईगल लेककडे चढणाऱ्या वाटेवर कुत्रा पट्ट्यावर चालतो, कारण ती डेसोलेशन वाइल्डरनेस नावाच्या राखीव रानात जाते आणि तिथला कारभार वनखात्याकडे आहे. दिवसभरासाठी गेलात तरी परवाना लागतो. रस्त्याच्या अलीकडे बंदी, पलीकडे मुभा. त्यामुळे निघण्याआधी नियम वाचायची सवय लागते आणि ‘इथे नाही’ याचं वाईट वाटत नाही, दुसरं तळं शोधायचं. तिथला ग्रॅनाइट पंजांच्या गाद्या घासून काढतो, आमची कुत्री बूट घालते. सह्याद्रीचा कातळ उन्हात किती तापतो ते आठवून लिहितोय.

पशुवैद्य_कराड

धागा आजच पाहिला. कुठल्याही तलावाकाठी जा, पण दवाखान्यात मी जे सतत पाहतो ते लिहून ठेवतो.

ऊन. कुत्र्याला घाम जवळजवळ फक्त पंजांतून येतो, बाकी सगळा भार धापेवर. कातळाला हाताची पालथी बाजू लावा. सात सेकंद ठेववत नसेल तर पंजाही ठेववत नाही. डिसेंबरातसुद्धा सह्याद्रीत दुपारी हे होतं. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबते, लाळ घट्ट चिकट होते, हिरड्या गडद लाल दिसतात, पाय लटपटतात: उष्माघात. सावलीत घ्या, पोटावर, जांघेत, पंजांवर साधं पाणी ओता आणि वारा घाला. ओला टॉवेल पांघरू नका, त्याने उष्णता आत कोंडते. आधी गार करा, मग गाडीत घाला. दवाखाना गाठण्याच्या घाईत गार करायचं राहून जातं आणि कुत्रं वाटेत जातं.

गोचीड. भातकाढणीनंतरच्या गवतात भरपूर. घरी आल्यावर कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, गळपट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या मुळाशी बोटं फिरवून पाहा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, तेल, काडीचा चटका असलं काही करू नका. त्रास झालेली गोचीड लाळ आणखी आत सोडते. त्यानंतर आठ-दहा दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत लक्ष ठेवा. जेवण सोडलं, ताप आला, हिरड्या फिक्या पडल्या, नाकातून रक्त आलं तर त्याच दिवशी रक्त तपासा. गोचीडतापात उशीर महागात पडतो.

पाणी. वाहत्या ओढ्याचं त्यातल्या त्यात बरं, पण घरून नेलेलं सगळ्यात चांगलं. गुरं बसतात त्या डबक्यातलं अजिबात नको. गुराउंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो. तुमच्या कुत्रीच्या वार्षिक लसीत लेप्टो आहे का हे डॉक्टरांना विचारून घ्या, बरेच लोक विचारत नाहीत. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसली तर पोहूही देऊ नका. ती निळ्या-हिरव्या जिवाणूंची साय असू शकते, आणि त्यातलं विष अंग चाटूनही पोटात जातं.

साप चावला तर चिरा, आवळपट्टी, जडीबुटी काही नाही. उचलून न्या, चालवू नका. माणसांना देतात तेच प्रतिविष कुत्र्यालाही चालतं. निघण्याआधी जवळच्या कुठल्या दवाखान्यात ते असतं याची फोनवर चौकशी करून ठेवा.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. भंडारदरा रद्द. तिथे आम्ही दोघंच कधीतरी जाऊ, तांबी तेव्हा माझ्या बहिणीकडे राहील. डांगाणी, तुमच्या साखळीच्या वाक्यानंतर घरात दुसरी चर्चाच झाली नाही. आता मावळातल्या पवना धरणाचा विचार करतेय. तुंग, तिकोना, लोहगड, विसापूर असे चार किल्ले भोवती, मध्ये पाणी. पूर्ण वळसा नाही, दिवसाउजेडी जमेल तेवढा काठ. कोणाचा अनुभव?

पवनाकाठ

मी काले कॉलनीजवळचा. या, पण शनिवार-रविवार टाळा. मधल्या वारी काठ रिकामा असतो, तेव्हा तुंगच्या बाजूचा रस्ता फार सुंदर. लोहगडावर कुत्रं नेऊ नका, संरक्षित स्मारक आहे. बिबट्या मावळातही आहे, तेव्हा अंधार पडायच्या आत गाडीत बसा.

आमच्याकडची खरी अडचण वेगळी. कॅम्पवाल्यांची गर्दी ओसरली की काठावर बाटल्यांच्या काचा उरतात. आणि बार्बेक्यूच्या लाकडी काड्या. पनीर-चिकनचा वास लागलेली काडी कुत्रं अख्खी गिळतं. शिजवलेली हाडंही तशीच, त्यांच्या कपच्या होतात. काठाने चालताना कुत्रीचं तोंड कुठे आहे यावर डोळा ठेवा. उन्हाळ्याकडे पाणी उतरलं की वरून सुकलेला आणि आतून मऊ गाळ लागतो. त्यात म्हशी रुतलेल्या मी पाहिल्या आहेत. थंडीत तेवढा त्रास नाही.

रानजाई

जाऊन आलो. जवणच्या बाजूने सकाळी सुरुवात केली, ऊन चढायच्या आत काठाचं चालणं उरकलं, दुपार झाडाखाली, उतरत्या उन्हात परत. तांबीने पहिल्यांदा शेळ्या पाहिल्या. कान पुढे, शेपूट ताठ, पुढचा उजवा पंजा हवेत, आणि घशातून एक बारीक आवाज, कण्हण्यासारखा. पट्टा आखूड धरला होता. शेळ्यावाल्या आजी थांबल्या आणि म्हणाल्या, ‘धरून ठेव गं, बघू दे तिला पोटभर.’ आम्ही खरोखर तिला बघू दिलं. कळप पुरा जाईपर्यंत. नंतर ती आपोआप बसली. पवनाकाठ, काड्यांचं सांगितलंत म्हणून वाचलो. एका चुलीपाशी राखेत सात-आठ पडल्या होत्या, आम्ही गोळा करून आणल्या.

आता नवीन प्रश्न. वाटेत एका गावातून एक तरुण काळा कुत्रा आमच्यामागे लागला. खायला काही दिलं नव्हतं. हाकललं तरी चाळीस पावलं मागे राहून येत राहिला. पुढच्या गावाची वेस आली तशी तिथली पाच-सहा कुत्री धावून आली. शेवटी नवरा त्याला घेऊन उलटा चालत गेला आणि त्याच्या गावातल्या टपरीवाल्याकडे सोपवून आला. अशा वेळी तुम्ही काय करता?

जुना_ट्रेकर

हा विषय फार दिवस मनात आहे. गडाच्या पायथ्याचं कुत्रं वर येतं आणि त्याच वाटेने खाली परततं, तोवर ठीक. त्याला वाट आपल्याहून चांगली ठाऊक असते. अडचण होते ती रेंज ट्रेकमध्ये. रतनगडाहून हरिश्चंद्रगडाला जाताना रतनवाडीचं कुत्रं कात्राबाईच्या खिंडीपर्यंत मजेत येतं. खिंड उतरली की कुमशेतची कुत्री त्याला फाडायला धावतात. त्यातून सुटलं तर पाचनईपर्यंत येतं, तिथे आपण जीपमध्ये बसतो आणि ते धुळीत उभं राहतं. मधली सगळी गावं त्याच्यासाठी शत्रूची. एकट्याने परत जाणार कसं? तलावाचा वळसाही तसाच आहे, दर तीन-चार किलोमीटरला नवी वेस.

आमच्या ग्रुपचा आता रिवाज झालाय. निघताना पायथ्याला बिस्कीट द्यायचं नाही. द्यायचंच असेल तर परत आल्यावर, त्याच्याच गावात, आणि बिस्किटाऐवजी भाकरी. पुढे उतरून दुसऱ्या गावाला जायचं असेल तर गावातल्या कोणाला तरी सांगून कुत्रं निघेपर्यंत बांधून ठेवायचं. तरीही आलंच, तर शेवटच्या गावातून त्याला गाडीत घालून सोडून यायचं. त्यासाठी जीपवाल्याला जादा पैसे लागले तर ते ट्रेकच्या खर्चात धरायचे.

डांगाणी

हे वाचून बरं वाटलं. आमच्या गावातून अशी कुत्री गेलेली आहेत. पोरं दोन दिवस हाका मारत फिरतात. बाहेरच्याला ते भटकं वाटतं, पण त्याला घर असतं, नाव असतं, शेळ्या असतात. त्याच्या गळ्यात पट्टा नसतो एवढंच.

रानजाई ताई, तुम्ही कुत्री आणली नाहीत याचं मोल मला आहे. आता मीच एक विचारतो. तलावाकाठच्या गावांतल्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचून घ्यायची झाली तर काय काय लागेल? पशुवैद्य साहेब, सांगाल का? गावात मी बोलतो. मालक आपापलं कुत्रं धरायला तयार होतील.

पशुवैद्य_कराड

आनंदाने. लस २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते, म्हणजे शेंडीपर्यंत फ्रीज आणि तिथून पुढे बर्फाच्या पिशव्यांची पेटी. तीन महिन्यांवरची सगळी कुत्री, आणि दर वर्षी पुन्हा. जमलं तर डिस्टेंपरची एकत्रित लसही त्याच फेरीत देऊ, पण ती खर्चिक आहे आणि तिचा दुसरा डोस लागतो, तेव्हा तारीख दोनदा ठरवावी लागेल. सगळ्यात आधी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोला, त्यांना डावलून काही करायचं नाही. सकाळी गुरं सुटायच्या आत काम उरकलं पाहिजे, नंतर कुत्री रानात जातात. गावागणिक अंदाजे किती कुत्री आहेत त्याची यादी हवी. अभयारण्यातली गावं आहेत, म्हणून वनखात्यालाही कळवून ठेवा, त्यांच्याही फायद्याचं आहे.

रानजाई

पेटी आणि गाडी आमची. लसींच्या खर्चाचं मी इथे वेगळा धागा काढून विचारते. डांगाणी, यादी कधीपर्यंत होईल?

डांगाणी

संक्रांतीला गावी जातोय. रतनवाडी, साम्रद, घाटघर मी स्वतः करतो. मुरशेत, पांजऱ्याला मामेभाऊ आहे. उडदावण्याला कोणाची ओळख असेल तर कळवा.